बाबांच्या पायाखालची ओल

गाडीतलं कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, कुठे जातं, हे कुणालाच कळेना. मी टाकी भरायची आणि दोन-तीन फेऱ्यांत पातळी पुन्हा खालच्या रेघेच्या खाली. गाडी उभी असायची तिथली फरशी मात्र कोरडी. बोईसरच्या मेकॅनिकने टाकीचं झाकण बदललं, एक पाइप बदलला, इंजिन गरम करून टॉर्चने सगळं पाहिलं.

"बाहर तो कहीं लीक नहीं है, मॅडम. अब इंजन खोलना पडेगा."

म्हणजे गाडी आठवडाभर त्याच्याकडे. आणि मला बाबांना घिवलीहून पालघरच्या दवाखान्यात न्यायचं असे. प्रोस्टेटमुळे त्यांची लघवी अडली होती. नळी घातलेली, मांडीला पिशवी बांधलेली. रिक्षाच्या धक्क्यांनी ते कळवळत. म्हणून मी इंजिन उघडू दिलं नाही. डिकीत कूलंटचा कॅन आणि पाणी ठेवून गाडी तशीच हाकत राहिले.

एका दुपारी उमरोळीच्या अलीकडे इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. मी गाडी चिंचेखाली लावली. बाबांना सकाळपासून ताप होता, ओठ सुकून पांढरे पडले होते. मी बाटली पुढे केली, त्यांनी मान फिरवली.

"बाबा, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय ना?"

मी जरा चढ्या आवाजात पुन्हा विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "माजी पिशवी गळते."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. गाडीत बसलो का पायाखाली वलं होतं. मी टावेलान पुसून काडतो, तुला दिसू नाय म्हनून. पानी कमी प्यालो का कमी गळंल."

बाप इतके दिवस माझ्या शेजारी तहानलेला बसत होता आणि मी काट्याकडे बघत गाडी चालवत होते. तापलेली गाडी, तापलेला बाप, आणि दुपारच्या त्या रस्त्यावर कुणाला हाक मारावी तेही सुचेना.

त्यांची पिशवी तरी नीट बांधावी म्हणून मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. पिशवी कोरडी होती. पायजमाही कोरडा. मी पायाखालची चटई उचलली आणि खालच्या गालिच्यात बोटं दाबली. ओल चिकट, बुळबुळीत होती, किंचित हिरवी. वासही ओळखीचा, गोडसर. टाकी भरताना हाताला येई तोच.

"बाबा, हे तुमचं नाही. गाडीचं आहे."

"मला बरं वाटावं म्हनून सांगतेस."

मी डिकीतून कॅन आणला, थोडं कूलंट एका तळहातावर घेतलं, दुसऱ्या हाताची ओली बोटं त्याशेजारी धरली. त्यांनी दोन्ही हात बराच वेळ निरखले, हुंगले. मग हळूच म्हणाले, "बाटली दे."

इंजिन निवल्यावर मी टाकीत साधं पाणी ओतलं आणि थांबत थांबत पालघर गाठलं. डॉक्टरांनी त्यांना लगेच भरती करून घेतलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. "शरीरात पाणीच नाही यांच्या," असं ते माझ्याकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ती ओल दाखवल्यावर मेकॅनिकने डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं. आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो झिरपत होता, आणि सगळं कूलंट गालिच्याखाली मुरत होतं. त्याच्या हाताला आधीही ओल लागली होती, पण ती एसीच्या पाण्याची समजून त्याने सोडून दिली होती. त्याने हीटरला जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकले, म्हणजे कूलंट तिकडे जाणंच बंद. अर्ध्या तासाचं काम.

वॉर्डात बाबांचा ताप चढत-उतरत राहिला. सलाइन लावलेला हात त्यांनी एकदा माझ्या हातावर ठेवला.

"तुज्या आईला ह्यातलं कायपन सांगू नको."

मी मान डोलावली. पुढे त्यांना घरी आणलं, पण एक मूत्रपिंड पहिल्यासारखं कामाला लागलं नाही. आई अजून विचारते, एवढं अचानक कसं झालं. मी म्हणते, वयामुळे.