चारी भिंतींवरचं पितळ

आष्टीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीला चारी बाजूंनी, छताच्या जरा खाली, लाकडी फळी आहे. तिच्यावर आईची तांब्या-पितळेची भांडी असायची, बहुतेक तिच्या माहेरची. दिवाळीआधी ती स्वतः चिंच लावून घासायची, सुनांना हात लावू द्यायची नाही. पाहुणा आत आला की आधी वर बघायचा, मग बसायचा. आईला त्याचं फार कौतुक.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी जमीन गुरगुरली आणि घर हादरलं. सगळी गल्ली रस्त्यावर आली. वडील लकव्यानं खाटेला खिळलेले, त्यामुळे ते आतच आणि त्यांच्यापाशी आई. आम्ही परत आलो तर फळीवरची एक घागर थेट वडिलांच्या उशीशी पडलेली. ते तिच्याकडे डोळे वटारून बघत होते.

दुपारपर्यंत मोबाइलवर पुढचा धक्का कधी ते सांगणारा जो तो ज्योतिषी झाला. मी भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "धोका कुठल्या पट्ट्यात जास्त, एवढं सांगता येतं. पुढचा धक्का नेमका कुठं आणि कधी, ते कुणालाच सांगता येत न्हाई."

"मंग एवढं शिकून काय दिवे लावले?" म्हणून मी फोन ठेवला. माझं डोकं लवकर तापतं.

मग मी आणि धाकट्या भावानं खाट पूर्वेच्या भिंतीला नेली. भाऊ म्हणाला, हादरा तर इकडूनच आल्ता. पश्चिमेला नेली, तर तिथं वर मोठा हंडा. खोली चिंचोळी, मध्ये खाट मावत नाही. वडील आपले वरातीतल्या नवरदेवासारखे हिंडत होते.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय करून राह्यलात?"

"कोणती भिंत पडंल, ते बघून राह्यलो."

"शिकल्या-सवरल्यांना कळंना, अन् तुमाला कळंल व्हय? शिडी आणा. सगळी भांडी खाली घ्या."

भाऊ चाचरत म्हणाला, "आई, तुझी भांडी..."

"ह्यांना काही झालं, तर मंग ती कुणाला दाखवू?"

एकेक भांडं तिनं स्वतःच्या हातानं घेतलं, पदरानं पुसलं आणि खाटेखाली सरकवलं. उरलेली मागच्या शेडात गेली. भिंती भुंड्या दिसायला लागल्या. बाईनं आयुष्यभराची मिरवणूक एका दुपारीत उतरवली आणि एक उसासाही टाकला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

काही दिवसांनी चहाच्या वेळी परत हादरा बसला. मोकळी फळी खडखडली. वरून धुळीशिवाय काही पडलं नाही. आईनं वडिलांचा हात घट्ट धरला होता. त्यांनी मान जमेल तशी वळवून चारी भिंती पाहिल्या. या माणसानं उभ्या संसारात बायकोच्या भाजीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. वाकड्या झालेल्या तोंडानं, अडखळत ते म्हणाले, "बराबर केलंस."

आईनं गार झालेला चहा उचलला आणि पदर डोळ्यांना लावत आत गेली.