मिरवणुकीवर पडलेली द्राक्षं

मी कृषी पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षं रामदासपेठेतल्या एका विमा कार्यालयात लोकांच्या मोडलेल्या हाडांचे कागद तपासतो. शेतीशी माझा संबंध उरलाय तो एवढाच, की आमच्या घरी एक द्राक्षवेल आहे. (संत्र्यांच्या नागपुरात द्राक्षवेल! आमच्या बाबांचं सगळंच असं.) फाटकाजवळ त्यांनी लावलेली एक काडी लोखंडी पाइपांच्या उंच मांडवावर चढली, अंगण ओलांडून गल्लीवर गेली आणि तिथंच थांबली, कारण पुढं समोरच्या मेश्राम काकांची गच्ची लागत होती.

या वेलीचा एक नेम आहे. चौदा एप्रिलला सकाळी घरात वंदना होईपर्यंत एक मणीसुद्धा तोडायचा नाही. मग संध्याकाळी जयंतीची मिरवणूक दारात आली की बाबा शिडीवर चढतात, कात्रीनं घड कापतात आणि समोर येईल त्याच्या हातात स्वतः देतात. मागच्या वर्षी ते घडासकट खाली आले. घडाला काही झालं नाही, बाबांचं मनगट मोडलं. (त्याचे कागद मीच तपासले.)

यंदा फळ धरलं तसं आईनं जाहीर केलं, "शिडी दिसली का वेल मुळासकट उपटून टाकीन! मले द्राक्षं नाही पाहिजे, नवरा पाहिजे!"

बाबांनी कात्री कपाटात ठेवली आणि दोन दिवस अर्ध्या पोळीवर उठले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस अंगणात खुर्ची टाकून नुसता वर बघत बसलाय, हे मला पाहवेना. माझ्यातला पदवीधर जागा झाला, आणि तो जागा झाला की घरात काहीतरी होतंच.

"बाबा, आपण संजीवक फवारू."

"तू?" बाबा म्हणाले. त्या एका अक्षरात माझी चारही वर्षांची पदवी आली.

मी समजावून सांगितलं. मणी आणि देठ यांच्या सांध्यात एक बारीकसा थर असतो. पिकलेला आंबा वारा नसतानाही पडतो, तो तिथूनच सुटतो. द्राक्ष मात्र मोठं हट्टी, देठ सोडत नाही. संजीवकानं तो थर सैल होतो. मग कात्री नको, शिडी नको. खाली साड्या अंथरायच्या, मांडव हलवायचा, मणी आपोआप खाली!

"म्हंजे बोरं झोडपतात तसं?" आईनं विचारलं.

"तसंच. पण सायन्सनं."

"मंग बोरासाठी का सायन्स नाही लागत गा?"

तरी परवानगी मिळाली. फवारणी आणि खाणं यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते डबीवर वाचून, कॅलेंडरवर उलटं मोजून मी दिवस ठरवला. एप्रिलच्या उन्हात रेनकोट, चष्मा, मास्क आणि हातमोजे घालून, लांब नळीचा पंप घेऊन जमिनीवरूनच फवारलं. मेश्राम काका बुलेट पुसता पुसता गच्चीखालून ओरडले, "अबे, परत लॉकडाऊन लागला का?"

आठवडाभर काहीच झालं नाही. द्राक्षं होती तिथंच लोंबत होती आणि आई माझ्याकडे बघून भाजी चिरत होती. मग एका सकाळी मी हाताला लागणाऱ्या एका घडाखाली ओंजळ धरली आणि देठाला बोटानं टिचकी मारली. अख्खा घड माझ्या ओंजळीत उतरला! एक मणी फुटला नाही, एकाची साल निघाली नाही. वर नुसता हिरवा सांगाडा डोलत राहिला. मी हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क घेतले होते. पण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता हे मला त्या क्षणी कळलं.

बाबांना हाक मारली. त्यांनी मोडून सांधलेल्या हातानं दुसऱ्या घडाला नुसता स्पर्श केला. चार मणी तळहातावर आले.

"बाप्पा!" ते हळूच म्हणाले. "हे तर स्वतःहून देऊन राहिली."

(नेम मोडला म्हणून आम्ही दोघांनी ते मणी परत वर चिकटवता येतात का तेही पाहिलं. येत नाहीत.)

जयंतीला अजून दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत आमच्या घराचं इस्पितळ झालं. कुकरची शिट्टी झाली की तीन मणी पडत. फाटक लावलं की सात. मांजर पाइपावरून गेलं तेव्हा मोजायची हिंमत झाली नाही. मग कुकर बंद, वरण पातेल्यात. माझी बायको सुजाता शिंक आली की नाक दाबून मागच्या मोरीत पळायची. मी मेश्राम काकांना हात जोडले, "काका, दोन दिवस बुलेट चौकापर्यंत ढकलत न्या ना."

"काहून?"

"द्राक्षं पडतात."

काकांनी एकदा वेलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग बिचाऱ्यांनी खरंच ढकलत नेली.

चौदा तारखेला वंदना झाल्याबरोबर मी म्हटलं, "बाबा, आता हलवून घेऊ. पाट्या भरून ठेवू."

"नाही. लोकं दारात आल्यावरच. शिळं काहून द्यायचं?"

"अहो, पण पडतील!"

"इतके दिवस थांबली, ते का संध्याकाळपर्यंत थांबणार नाही?"

चारला आईच्या पंधरा साड्या अंगणात अंथरल्या. बाबा पांढरा सदरा-पायजमा घालून, ओंजळीनं वाटायचं म्हणून दोनदा हात धुऊन फाटकात उभे राहिले. मी शिंक, शिट्टी, मांजर, फाटक, बुलेट, सगळ्यांचा बंदोबस्त केला होता. फक्त मिरवणुकीपुढं डीजे असतो, हे एका कृषी पदवीधराच्या लक्षात आलं नव्हतं!

तो चौकात वळला तेव्हा आधी आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग माझ्या छातीतलं काहीतरी थरथरलं. कपाटाएवढे स्पीकर लादलेला ट्रक मुंगीच्या पावलांनी येत होता. मी हात हलवत पुढं धावलो, "बंद कर! भाऊ, आवाज बंद कर! द्राक्षं!"

ट्रकवरच्या पोराला वाटलं मी नाचतोय. त्यानं आवाज वाढवला.

ट्रक बरोबर आमच्या मांडवाखाली आला आणि वेलीनं सगळं सोडलं.

सगळं! एका वेळी! असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कलत्या उन्हात हजारो मणी पिवळे-हिरवे चमकत खाली येत होते. स्पीकरवर, निळ्या झेंड्यांवर, नाचणाऱ्यांच्या डोक्यांवर, बँजोवाल्याच्या टोपीत. ट्रकवरच्या पोरानं घाबरून खरंच आवाज बंद केला. त्या शांततेत शेवटचे मणी टपटप ऐकू आले. पाचशे माणसं तोंड वर करून उभी होती. वर एकही द्राक्ष उरलं नव्हतं, नुसते देठ हलत होते.

मी बाबांकडे पाहिलं. वर्षभर ज्यासाठी थांबले ते स्वतःच्या हातानं देणं गेलं होतं. धुतलेली ओंजळ तशीच पुढं धरलेली, रिकामी.

एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी आली. पदरात पडलेली मूठभर द्राक्षं तिनं बाबांच्या ओंजळीत घातली. "घे गा बाबू. दरवर्षी तूच देतं. आज तू खाय."

मग सगळेच आले. कुणी टोपीतली, कुणी साडीवरची, कुणी झेंड्याच्या घडीतली द्राक्षं आणून बाबांच्या हातावर ठेवू लागले. बाबा खात होते आणि रडत होते. मीही रडलो, पण माझ्या डोक्यावर तोवर आईनं रिकामी पाटी उपडी घातली होती, त्यामुळं कुणाला दिसलं नाही.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी चार पोळ्या खाल्ल्या. मी संधी साधून विचारलं, "आई, मग वेलीचं काय?"

"वेल राहील," आई म्हणाली. "तिनं का केलं? तिनं तर सारं देऊन टाकलं."

मी छाती फुगवून म्हटलं, "म्हणजे संजीवक चांगलं निघालं ना?"

"औषधही चांगलं होतं. मंग राहिलं कोण?"

एवढं बोलून आईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. तेव्हापासून मी, कृषी पदवीधर, वेलीखालून न जाता मागच्या दारानं ये-जा करतो.