‘कबुली’ हा शब्द माझा

बायकोला मी घरातही बाईच म्हणतो. शाळेत सगळे म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलं. ती नववीला नागरिकशास्त्र शिकवते. निवडणुकीचा धडा दोन दिवसांत उरकता येतो, पण उरकणं हा शब्द तिला माहीत नाही. एकाच सभेच्या दोन पेपरांतल्या बातम्या कापून ती वर्गात नेते आणि मुलांना क्रियापदांखाली लाल रेघ मारायला लावते. एका पेपरात उमेदवार ‘म्हणाले’, दुसऱ्यात तेच वाक्य ‘ठणकावले’. “माणूस एक, वाक्य एक. मग ठणकावलं कुणी?” असं ती विचारते. मुलं डोकं खाजवतात.

कुणी ते मला विचारा ना! त्यातल्याच एका पेपरात मी उपसंपादक आहे. तेवीस वर्षं लोकांच्या बातम्यांना मथळे देतोय. सकाळी चहा संपायच्या आत ती माझ्या हातातला पेपर कातरायला घेते आणि मी ओरडतो, “अगं, वाचून तरी होऊ दे!”

यंदा एका पालकाने तक्रार केली, बाई वर्गात राजकारण करतात. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला. तिने लिहून दिलं, “बातम्यांवरून निवडणूक शिकवते. अभ्यासक्रमात आहे.” मला मात्र यातलं काही सांगितलं नाही. मी लगेच हमरीतुमरीवर येतो, हे तिला पक्कं ठाऊक. खोटं कशाला बोलू, आलोच असतो.

दोन दिवसांनी आमच्या बातमीदाराने मजकूर टाकला. शाळेचं नाव नाही, बाईंचं नाव नाही, नुसती एका पालकाची राजकारणाची तक्रार आणि ‘वर्गात निवडणूक शिकवते, असे एका शिक्षिकेने सांगितले’. मला घाई होती. ‘सांगितले’ फारच मिळमिळीत वाटलं. मी मथळा ठोकला : ‘वर्गात राजकारण, शिक्षिकेची कबुली’. दोन कॉलमांत चपखल बसला. स्वतःवर खूश होऊन मी दुसरी बातमी उघडली.

दुसऱ्या दिवशी तिने एक कात्रण माझ्यासमोर ठेवलं. वर्गातल्या एका मुलीने आणलेलं. ‘कबुली’खाली लाल रेघ आणि समासात प्रश्न : “गुन्हा कोणता?”

“मथळा तुमचा ना?” तिने विचारलं. “आणि ती शिक्षिका मी आहे.”

मग तिने तक्रारीपासून सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी तोच पेपर संस्थेकडे पाठवला होता. गुरुवारी बैठक होती आणि नववीचा तास तिच्याकडून काढून घ्यायचं चाललं होतं.

मी बैठकीला गेलो. सरळ सांगितलं, “बाईंनी कसलीच कबुली दिलेली नाही. तो शब्द मी घातला.”

“आपण कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“त्या पेपरचा उपसंपादक. आणि यांचा नवरा.”

“मग तुम्ही असंच बोलणार!” ते म्हणाले आणि सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला. त्याने काय होणार, तिचीच पंचाईत झाली. निवडणूक होईपर्यंत तास दुसऱ्या सरांकडे गेला. आमची दुरुस्ती सातव्या पानावर, दोन ओळींत, तळाला आली.

बैठकीहून परत येताना ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. शेवटी मीच म्हणालो, “चुकलं माझं. तू आहेस हे माहीत असतं, तर मेलो तरी तो शब्द घातला नसता.”

ती थांबली. “तेच मला टोचतंय. मी नसते तर चाललं असतं?”

चाललं असतं. तेवीस वर्षं चालतच होतं. अशा किती जणांच्या तोंडी मी कबुल्या घातल्या असतील, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही बैठकीला मी गेलो नव्हतो.