बाळूशेठनी रंग मोजायचं यंत्र आणलं

टीव्हीच्या दुकानात दोन गोष्टी न मागवता येतात : धूळ आणि किस्से. धूळ सुनंदावहिनी रोज सकाळी फडक्यानं पुसून टाकतात. किस्से कुणी पुसत नाही, त्यामुळे भोरच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात ते पार माळ्यापर्यंत रचलेत. मी तिथं भिंतीला टीव्ही टांगायचं काम करतो. हात कामात, तोंड मोकळं! आता जे सांगतोय त्यात तिखटमीठ चवीपुरतंच आहे. कुणाला जास्त लागलं तर वर पाणी प्यावं.

दुकान बाळूशेठचं. म्हणजे पाटीवर बाळूशेठ, गल्ल्यावर सुनंदावहिनी. अलीकडं लोक टीव्ही मोबाईलवरूनच मागवतात. खोकं थेट घरी येतं, आमची आठवण फक्त स्क्रू पिळायला! या काळजीत बाळूशेठ पुण्याला डीलर लोकांच्या मेळाव्याला गेले आणि एसटीतून उतरले ते उड्या मारतच.

"विलास, अरे अख्खं जग खोटे रंग बघतंय!"

तिथं त्यांनी दोन सारखे टीव्ही शेजारी शेजारी बघितले होते. एक कारखान्यातून आला तसा, दुसरा कॅलिब्रेशन केलेला. दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून टीव्ही येतानाच भडक करून पाठवतात. गवत पोपटी, माणसं गुलाबी, बर्फ निळा! कॅलिब्रेशनवाला काय करतो, पडद्यावर एक छोटं यंत्र लटकवतो, रंगांचे चौकोन एकामागून एक दाखवून मोजतो, आणि सेटिंग बदलत बदलत जो रंग जसा आहे तसा आणून ठेवतो. बाळूशेठ हे सगळं शिकून आले होते. एवढंच नाही, यंत्रही घेऊन आले होते!

वहिनींनी यंत्र उलटंसुलटं करून बघितलं. "एवढ्यात घरघंटीची एजन्सी आली असती. पीठ तरी दिसतं लोकांना!"

"अगं, ज्याला फरक दिसेल तो खुशीनं पैसे देईल."

"बरं. दिवाळीपर्यंत मुदत. एका तरी गिऱ्हाइकानं आपणहून म्हणायला पाहिजे, 'फरक पडला, हे घ्या पैसे.' नाही म्हणालं तर यंत्र बाहेर, घरघंटी आत!"

आणि फी किती, तर एका बऱ्यापैकी मिक्सरएवढी. मी मनात म्हटलं, बाळूशेठ, गहू निवडायला घ्या!

*

पहिलं गिऱ्हाईक पेंडसेकाका. बँकेतून रिटायर, भोरातच घर, आणि प्रत्येक गोष्टीत चोखंदळ. भेंडी घेताना एकेक मोडून बघणारा माणूस! बाळूशेठ म्हणाले, "फरक कळणार तर यांनाच कळणार."

खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले, यंत्र लटकवलं. दुपार तिथंच गेली. शेवटी बाळूशेठनी नाटकाचा पडदा उघडावा तसा टीव्ही लावला.

काका चष्मा पुसून जवळ गेले. मागं आले. पुन्हा जवळ गेले. "बाळू, कावीळ झाली रे टीव्हीला!"

"काका, तो खरा पांढरा आहे. आधी निळसर होता."

"सत्तरी ओलांडली माझी. पांढरा मला शिकवतोस?"

पैसे नाहीतच, वर चहाही अर्धा कप. बाळूशेठ पार खचले. पण गणपती गेल्यावर काका स्वतः दुकानात हजर! डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडभर हसू.

"बाळू, काय चित्र दिसतंय रे! पांढरा म्हणजे पांढरा! तुझं ते काम लोणच्यासारखं आहे बघ. मुरायला वेळ लागतो!"

बाळूशेठनी विजयी मुद्रेनं गल्ल्याकडं बघितलं. वहिनींनी मान वर न करता विचारलं, "काका, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं म्हणायचं?"

"झाला की पंधरवडा."

"मग ते पैसे डॉक्टरांकडं भरलेत तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडं काही नाही."

*

दुसरं काम सारोळ्याचं. हायवेला लागून तुकाशेठचं मिसळीचं हॉटेल, आणि भिंतीवर हा मोठा टीव्ही. दिवसभर त्यावर त्यांच्याच मिसळीचे फोटो फिरत असतात. तर्री अशी लालभडक, की बघूनच कपाळाला घाम!

कॅलिब्रेशनला अंधार लागतो. तुकाशेठनी भरदुपारी शटर निम्मं खाली ओढलं. आत पडद्यावर नुसता लाल. मग नुसता हिरवा. मग निळा. मग राखाडीच्या छटा, एकेक करून. बाकावरची माणसं पाव हातात धरून तस्सं बघत बसली. एक टेम्पोवाला तर मिसळ संपली तरी उठेना. शेवटी त्यानं मला विचारलं, "मालक, पिच्चर कधी चालू व्हनार?"

झालं काम. फोटोतली तर्री भडक लालवरून पातेल्यातल्या खऱ्या रंगावर आली. साधी, घरगुती लाल. तुकाशेठ म्हणाले, "आठ दिवस बघतो, मग पैशाचं बोलू."

पण आचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही! त्यानं सकाळी येऊन पडद्याकडं बघितलं, फिकी तर्री बघून हबकला. त्याला वाटलं, मालकानं आपल्या हातची चव उतरली म्हणून मुद्दाम नवा फोटो लावलाय. मनाला लागलं त्याच्या. त्यानं त्या दिवशी मसाल्याचा डबाच पातेल्यात पालथा केला!

तुम्ही विश्वास ठेवू नका, पण त्या दिवशी सारोळ्याच्या पुलावर गाड्या उभ्या होत्या आणि माणसं खाली नीरेच्या पाण्याला तोंड लावून बसली होती. पलीकडच्या तीरावरच्या बायका म्हणे धुणं तसंच टाकून बघत होत्या, नदी एकदम खाली कशी गेली!

तुकाशेठचा फोन आला. "बाळूशेठ, फरक पडला."

बाळूशेठ खुर्चीतून उठलेच. "पडला ना? मग पैसे..."

"गिऱ्हाइकात पडला! परत भडक करून जा!"

*

भाटघरचं काम मात्र हमखास होतं. तिथल्या शकुंतलाबाईंच्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालेलं. घरात दुसरा कार्यक्रमच नाही, लग्नाची शूटिंग तेव्हापासून रोज चालू. त्यात शकुंतलाबाई विहीणबाईंनी दिलेली साडी नेसून मिरवतायत. पडद्यावर साडीचा रंग असा झगझगीत राणी, की मांडवातली बाकीची माणसं फिकी पडावीत.

बाळूशेठनी मन लावून काम केलं. शूटिंग लावली. हळद हळदीसारखी दिसली, आंब्याची पानं आंब्याच्या पानांसारखी. नवरदेवाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसला! आम्ही खूश. आणि शकुंतलाबाई आल्या पडद्यावर.

साडी विटक्या विटेच्या रंगाची!

"ही माजी साडी न्हवं," शकुंतलाबाई म्हणाल्या.

नवी सून घाबरून आतून कपाटातली खरी साडी घेऊन आली. टीव्हीशेजारी धरली. तंतोतंत तोच रंग! बाळूशेठ आनंदानं ओरडलेच, "बघा! धाग्याधाग्यानं खरा रंग आला!"

"म्हंजी येवढे दिस म्या ह्ये नेसून गावभर हिंडले?" शकुंतलाबाईंनी सुनेकडं बघितलं. सुनेनं जमिनीकडं. "तुज्या आईनं ह्ये दिलं व्हय मला?"

मी आधीच शिडी उचलली होती. बाळूशेठ दारापाशी थबकून म्हणाले, "मावशी, रंग खरा आला एवढं तरी म्हणा."

"खरा आला म्हनूनच पैसं न्हाई! हुता तसा करून द्या आदी!"

सुनेनं आमच्याकडं अशा डोळ्यांनी बघितलं, की बाळूशेठनी मुकाट्यानं जुनं सेटिंग परत बसवलं. साडी पुन्हा राणी झाली, विहीणबाई पुन्हा चांगल्या झाल्या. सुनेनं निघताना दोघांच्या हातावर मूठमूठ शेंगदाणे ठेवले. वहिनींना ते दाखवले तर म्हणाल्या, "दळता येतील."

*

दिवाळी तोंडावर आली. घरघंटीवाल्याचा माणूस दुकानात येऊन जागेचं माप घेऊन गेला. बाळूशेठ यंत्राकडं असं बघायचे, जसं कुणी पोरीला सासरी धाडताना बघावं. आणि अशात एक दिवस गुंजवण्याच्या पारूकाकू बाजाराला आल्या त्या थेट आमच्याकडं.

"ते टीव्हीचं रंग खरं करत्यात ते तुमीच ना? मंग आमच्या म्हाताऱ्याच्या टीव्हीतला हिरवा काडून टाका."

त्यांचे मालक संपततात्या. राजगडाखाली त्यांची भातखाचरं. रानडुकरं लई येतात म्हणून मुलानं बांधावर कॅमेरा बसवून त्याचं चित्र घरच्या टीव्हीवर आणून दिलेलं. तात्यांचा गुडघा धरलेला. त्यामुळे ते बांधावर जायचे बंद झाले आणि सोप्यात बसून टीव्हीवरच शेती बघायला लागले. इथवर ठीक. पण टीव्ही भडक! शेजाऱ्यांची कापणी उरकली, तात्यांचं भात पडद्यावर अजून पोपटी.

आम्ही पोचलो तेव्हा वाद रंगात होता.

"आवो, पिकून दाणं झडाया लागल्यात! भाईर येऊन बगा की!"

"तुला काय कळतंय? तू लांबून बगतीस. हितं लोंबी कशी परातीयेवढी दिसतीया! हिरवीगार हाय."

"माज्या हातात लोंबी हाय ही!"

"ती बांदाकडची आसंल."

बाहेर डोंगरावर आभाळ भरून येत होतं. एक चांगली सर आली असती तर वर्षाचं भात चिखलात! बाळूशेठनी घाईनं यंत्र लटकवलं. लाल, हिरवा, निळा. तात्या काठीवर हनुवटी टेकून बघत होते. हिरवा बाळूशेठनी दोनदा मोजला आणि बरोबर बसवला. मग कॅमेऱ्याची वायर परत जोडली.

पडदाभर सोनं! वाऱ्यानं हलणारं, पिवळंधमक भात!

तात्या ताडकन उठले. गुडघा कुठं गेला कुणास ठाऊक! "आगं ए, भात पिकलं की! विळं काडा! हाका मारा समद्यांला!"

मग काय, वाडीच लोटली. मीसुद्धा शिडी टाकून विळा घेतला. बाळूशेठ इस्त्रीच्या पँटमध्ये पेंढ्या वाहत होते. शेवटची पेंढी आत आली आणि पहिला थेंब पडला. खोटं वाटेल, पण तो थेंब माझ्या विळ्यावरच पडला!

तात्यांनी बाळूशेठचे दोन्ही हात धरले. "शेठ, फरक पडला! ह्ये घ्या पैसं! येवढे दिस हिरवं हुतं, तुमच्या यंत्रानं घटकाभरात पिकवलं!"

पारूकाकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

*

आम्ही भोरला आलो ते वाजतगाजतच म्हणा ना. बाळूशेठनी पैसे गल्ल्यावर ठेवले. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"तात्या असं म्हणाले, याला साक्षीदार कोण?"

"हा काय, विलास!"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "मग घरघंटीवाल्याला उद्या सकाळीच बोलावते."

सकाळी घरघंटीवाला स्वतः पुन्हा माप घ्यायला टेपसह दारात उभा. त्याला बाजूला सारून एक दांडगा गडी आत आला, मागं आणखी तिघं. पायांना खाचरातला चिखल तसाच.

"भात पिकवायचं यंत्र हितंच हाय न्हवं? संपततात्यांच्या वाडीला आनलं हुतं ते?"

बाळूशेठ घाईनं म्हणाले, "अहो दादा, ते टीव्हीला लावायचं असतं."

"टीव्ही न्हाई वो आमच्याकडं. भातालाच लावा की डायरेक! आमचं जरा मागं ऱ्हायलंय."

बाळूशेठनी माझ्याकडं बघितलं, मी बाळूशेठकडं. वहिनींनी घरघंटीवाल्याच्या हातातली टेप काढून घेतली, स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाल्या,

"बसा दादा. किती गुंठे आहे?"