खिडकीची जागा

माझ्या सासऱ्यांना मी भरल्या हॉलमध्ये गप्प बसवलं. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. माणसांना जागेवरून उठवण्यात त्यांचा हात धरणारा साऱ्या बहरीनमध्ये सापडायचा नाही.

कोकणात प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले बाबा सासूबाई गेल्यावर रिफाला आमच्याकडे आले, आणि त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर कोणाचीच जागा कायम राहिली नाही. "आजोबा, धिस इज माय चेअर," नातू कुरकुरला. "कालपर्यंत होती," बाबा म्हणाले. अदलियातल्या एका कॅफेत तर त्यांनी अनोळखी मल्याळी गृहस्थाला आमच्या टेबलावर आणलं आणि मला त्याच्या बायकोसमोर बसवलं. खिडकीपाशी मात्र ते कोणाला बसू देत नसत. गाडीत, कॅफेत, दवाखान्यातसुद्धा ती जागा स्वतः बळकावत. म्हातारपणीचा हट्ट म्हणून मी बायकोपाशी हसायचो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला जागा लावायचं काम माझ्याकडे होतं. बँकवाले, इंजिनियर, त्यांची कुटुंबं पुढे. लेबर कॅम्पमधले आपले ड्रायव्हर, सुतार मागे, दाराजवळ. दरवर्षी तसंच असतं, म्हणून मीही तसंच लावलं. बाबा उठले. एका सुताराला त्यांनी हाताला धरून अध्यक्षांशेजारी बसवलं, अध्यक्षांच्या पत्नीला दाराजवळ नेलं आणि स्वतः खिडकीपाशी बसले. बाईंचा चेहरा पाहून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "बाबा, खलास, पुरे आता. ही तुमची शाळा नाही."

आधी सुतार उठला, ताट घेऊन. मग बाबा.

परतताना गाडीत ते नेहमीसारखे खिडकीपाशी बसले. मग म्हणाले, "बौद्धवाडीची मुलं शाळेच्या पडवीत बसायची. मी रुजू झालो आणि त्यांना आत घेतलं. दर सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलायचो. अर्धा गाव मुलं पाठवेना. मी बधलो नाही. वाडीतली एक मुलगी फार हुशार. तिला उजेडात बसवली, खिडकीपाशी. दगड तिथूनच आला, जावईबापू. डोळा गेला तिचा. परत शाळेत आली नाही."



"गाव माझं काही वाकडं करू शकलं नाही," ते म्हणाले. "तिनं भोगलं. आणि आज त्या सुताराला ताट घेऊन उठावं लागलं, तेही माझ्यामुळेच."

त्यानंतर घरात जो तो आपापल्या खुर्चीवर बसू लागला. बाबा उरेल तिथे बसत, खाली मान घालून जेवत. खुर्ची परत मिळालेला नातूही खूश दिसेना. मग एकदा बाबांनी माझ्या बायकोला परतीचं तिकीट बघायला सांगितलं.

त्या शुक्रवारी मी सुताराला घरी जेवायला बोलावलं. तो कसनुसा होत दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. बाबा जागेवरून हलले नाहीत.

"तुम्हा दोघांना मी चारचौघांत उठवलं," मी म्हणालो. "चुकलं माझं. बाबा, जागा तुम्ही लावा. खिडकीपाशी मी बसतो."