न खुडलेले शेंडे

झेंडूचं बी विकत घेणारी माणसं माझ्या बहिणीला कधी कळलीच नाहीत. राजुऱ्याच्या बाजारात ती रंगीत पाकिटं दिसली, की ती दुकानदाराच्या तोंडावर म्हणायची, "गेंद्याले कोनी पैसे देते का वं?" आणि मी तिला ओढत पुढे न्यायची. तिचं बी तिच्या अंगणातलं असायचं. दसऱ्याला सगळी झाडं ओरबाडली, तरी एका झाडाला ती चिंधी बांधून ठेवायची. त्या झाडाची फुलं देवालाही मिळायची नाहीत. ती झाडावरच वाळायची आणि मग फडक्यात बांधून राखेच्या मडक्यात जायची.

ती माझ्याहून बरीच मोठी. मी तिला बाई म्हणायची. आईनंतर तिनंच मला वाढवलं, म्हणजे मारलंही तिनंच. लग्न होऊन ती जिवतीकडच्या डोंगरावर गेली. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, तरी ती तिथून हलायचं नाव घेत नव्हती. या उन्हाळ्यात मात्र ती आपली आपण बसमध्ये बसून माझ्या दारात आली. एका हातात पिशवी आणि दुसरा पोटावर. तेवढ्यावरूनच मी समजायला हवं होतं. दुखलं म्हणून दुसऱ्याच्या दारी जाणारी बाई ती नव्हे.

आधी चंद्रपूर झालं, मग नागपूर. नागपूरच्या डॉक्टरनं मला आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. म्हणाला, गाठ फार पसरली आहे, आता चिरफाड करून त्यांना त्रास देऊ नका. घरी न्या, जे मागतील ते खायला द्या. बाई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला तिची सून नांदते कशी ते विचारत होती.

सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी तिथल्या जिन्यातच ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, नवरा म्हणाला, "ते खचन," आणि मी मान हलवली. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "काय म्हनते डाक्टर?"

"गोळ्या देल्या. पानी पडलं का बरं वाटन म्हने."

"मंग बी टाकून घेऊ," बाई म्हणाली. म्हणजे आमच्या घरचा झेंडू माझ्या खोटेपणावर उगवला.

पिशवीत ते फडकं होतंच. मागच्या अंगणात तिनं खुर्ची मांडून घेतली आणि माझ्यावर हुकूम सुरू केले. फुटकं घमेलं आणलं. माती चाळायला तिला माझी पिठाचीच चाळणी हवी होती. मी चिडले, ती त्याहून चिडली, शेवटी चाळणी गेलीच. अर्धी माती, अर्धं जुनं शेणखत, मूठभर वाळू. वाळलेलं फूल तळाशी धरून चोळलं, की काळ्या काड्या सुटतात, मागे पांढरट शेपूट असलेल्या. ती एकेक बोटांत धरून बघायची. "हे पोचट हाय. हे बी पोचट. हे पाय, हे भरलं." आडवं ठेवायचं, वर जेमतेम झाकेल एवढीच माती, आणि कडेनं राख, कारण मुंग्यांना हे बी फार आवडतं. पाणी ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं. मी ओंजळीनं घातलं तर माझ्या हातावर फटका बसला. पन्नाशीच्या बाईला फटका! मला रडू आलं ते फटक्याचं नव्हतं, पण तिला तसंच वाटलं आणि ती हसली.

आठवड्याच्या आत हिरवे टिपके आले. काही रोपांनी मान टाकली, तीही माझ्याच पाण्यानं. उरलेली तिनं भिंतीच्या कडेला लावून घेतली, मी खड्डा करायचा आणि तिनं बोट दाखवायचं. अंगणात खुर्चीवर बसून हुकूम सोडणारी ती त्या दिवशी शेवटची. मग तिची खाट मधल्या खोलीत लागली आणि तिथून अंगण दिसत नव्हतं.

झेंडू वीतभर झाला, की त्याचा शेंडा खुडावा लागतो. खुडला नाही तर तो सरळसोट वर जातो, खुडला तर चहूकडून फुटतो आणि फुलांनी लगडतो. बाई यात कसाई होती. नखानं टचटच करत ओळ संपवायची. आता खाटेवरून रोज विचारणं सुरू झालं.

"शेंडे खुडले का वं?"

"खुडले ना."

मी खुडले नव्हते. इथे आमच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. घरात कुणी जायला निघालेलं असलं, की त्या घरच्या अंगणातलं हिरवं कुणी तोडत नाही. साधं आजारपण असेल तर नाही हं. आमच्याकडे पावसाळ्यात दर घरात कुणी ना कुणी तापानं पडलेलं असतं, त्यांच्यासाठी भाजी तोडणं थांबवलं असतं तर गाव उपाशी मेलं असतं. पण ज्याच्यापुढे वैद्यानं, डॉक्टरनं हात टेकले, त्याच्या घरी कढीपत्त्याचं पानसुद्धा तुटत नाही. हे कुणी शिकवत नाही, बोलून तर कुणीच दाखवत नाही. आमचा बाप खाटेवर होता तेव्हा दारची अंबाडी माणसाएवढी वाढून जून झाली आणि हीच बाई शेजारणीकडून भाजी मागून आणायची. बापाला तिनं शेवटपर्यंत सांगितलं, तुम्ही बरे होता म्हणून.

मला या गोष्टी पटत नाहीत. मी चारचौघींत त्यांची टिंगलही करते. पण मी नख सरसावून त्या ओळीपुढे वाकले आणि हात पुढे गेला नाही. वाटलं, मी हा शेंडा तोडला आणि आज रात्री तिला काही झालं तर? आणि खरं सांगायचं तर लबाडीही होती मनात. न तोडता राहिले तर दसऱ्यापर्यंत ती राहील, असा देवाशी चाललेला सौदा. रोज उद्यावर ढकललं. कढीपत्ता मी बाजारातून आणू लागले.

झाडं मग वर गेली ती गेलीच. कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ पानांवर बसायची, पावसानं धुतली जायची, पुन्हा बसायची, आणि ती किडकिडीत झाडं भिंतीला टेकत, एकमेकांवर कलत वाढत राहिली. टोकाला एकेक कळी. आत बाईला मी सांगायची, डेरेदार झाली आहेत, चांगली फुटली आहेत. ती डोळे मिटून ऐकायची आणि खत किती टाकलं ते विचारायची. मीही सांगायची. न टाकलेलं खत, न आलेले फुटवे. आमचं दिवसभराचं बोलणं तेवढंच असायचं. तिनं दुसरा कुठला विषय काढला, डोंगरावरच्या घराचा किंवा बापाचा, की मी घाबरून पुन्हा झेंडूवर यायची.

पोळा झाल्यावर मधे ऊन पडलं. मी शिवायला घेतलेला ब्लाऊज द्यायला गल्लीत गेले होते. घरी नवरा होता. बाईला त्या दिवशी जरा हुशारी वाटत होती. ती म्हणाली, भाऊ, मले उन्हात बसवा थोडं. नवरा भला माणूस. त्यानं तिला उचललं, इतकी हलकी झाली होती ती, आणि मागच्या अंगणात खुर्चीवर नेऊन बसवलं. त्याला आमच्या माहेरची रीत काय ठाऊक?

मी आले तेव्हा ती त्या ओळीकडे बघत बसली होती. कमरेच्या वर गेलेली, एकही शेंडा न तुटलेली झाडं. कढीपत्त्याचं झाडही तिथेच होतं, दाट, एक पान कमी न झालेलं. ती माझ्याकडे वळली नाही.

"नागपूरलेच सांगतलं होतं का?" तिनं विचारलं.

मी तिच्या खुर्चीशी खाली बसले.

"तुमी दोघं रडून घेतलं असन मंग."

"बाई..."

"मले काऊन नाई घेतलं त्यात?"

ती ओरडली असती, तिनं पूर्वीसारखा फटका मारला असता, तर मी सुटले असते. तिनं फक्त आत न्यायला सांगितलं. मी तिचे पाय धरून रडले, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात ठेवण्यानंसुद्धा तिला धाप लागली.

त्यानंतर तिनं झेंडूचं कधी विचारलं नाही. तिला दुसरंच बोलायचं होतं. डोंगरावरच्या घराचं काय करायचं, गेल्यावर तिला कुठं न्यायचं, आईचं काहीतरी, जे मला माहीत नव्हतं आणि आता कधीच माहीत होणार नाही. ती सुरू करायची, चार शब्दांवर श्वास संपायचा. मी कान तिच्या ओठांशी नेऊन बसायची. "आई ना..." एवढं अनेकदा ऐकलं, पुढचं एकदाही नाही. मग ग्लानी आली आणि दसऱ्याआधीच ती गेली.

तिच्या अंगात बोलण्याचं बळ होतं तेव्हा अख्खा पावसाळा माझ्या हातात होता, आणि तो सगळा आम्ही शेंड्यांवर बोलण्यात घालवला.