पिवळा दिवा आणि नाना

नाना माणसांशी प्रमाण मराठीत बोलत आणि यंत्रांशी अहिराणीत. सरकारी कचेरीत जन्म काढलेला, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारा हा माणूस मिक्सर बिघडला की त्याच्यावर वाकून विचारायचा, "काय व्हयनं वं माय तुले? कोठे दुखस?" लहानपण सोनगीरकडं गेलेलं, ते एवढंच शिल्लक उरलं होतं. जळगावात मेहरूणला आमच्या शेजारी राहायचे. आता नाहीत.

आमचे हे करोनात गेले. गाडी पत्र्याच्या शेडखाली तशीच उभी राहिली. पुढं मी क्लास लावून ती चालवायला शिकले, कारण धुळ्याला आई एकटी होती. तिला कायमचं माझ्याकडं आणायचं होतं. पण लेकीच्या सासरी राहायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. भाड्याच्या गाडीला तर साफ नकार. शेवटी मला गप्प करायला म्हणाली, "तू स्वतः गाडी घेऊन न्यायला ये, मग येईन." माझ्याच्यानं ते काही होत नाही, अशी तिची खात्री!

आणि मी निघणार, तर स्टिअरिंगमागं इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, आवाज ठीक होता, मग दिवा कशाचा? एक मेकॅनिक म्हणे पेट्रोलमध्ये पाणी. दुसरा म्हणे बॅटरी. तिसऱ्यानं सांगितलं, दुर्लक्ष करा. मी त्याच्यावर टिकली लावली, तर टिकलीच्या कडेनं तो दिसतच राहिला. माझे दीर, सुरेशभाऊजी, म्हणाले, "इंजिन गेलं वहिनी. गिऱ्हाईक बघतो. तसंही हायवेला तुम्ही काय नेणार?" डोक्याचा नुसता भुगा झाला.

"थांब," नाना म्हणाले. "आधी तिला विचारू तरी." त्यांनी कुणाकडून तरी काडेपेटीएवढं यंत्र आणलं, स्टिअरिंगखाली खुपसलं आणि मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे आले, खाली इंग्रजीत ओळ. नाना एकेक शब्द लावत वाचायला लागले आणि एका शब्दाशी थबकले. ऑक्सिजन. ऑक्सिजनच्या सेन्सरमध्ये बिघाड.

ह्यांच्या वेळी त्या शब्दासाठी आम्ही गावभर फोन केले होते, नानांनीही. त्यानंतर आमच्या घरात तो कोणी उच्चारत नव्हतं. मला एकदम रडू कोसळलं. आता मेल्या गाडीलाही तोच पाहिजे! नाना मोबाइल खिशात घालून उगाच काच पुसत राहिले. मग बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "घाबरू नको वं माय. बठ्ठं ठीक व्हई." सगळं ठीक होईल, हे गाडीला म्हणाले की मला, ते तेव्हा कळलं नाही. आजही सांगता येत नाही.

इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची तार काढली आणि नाना टॉर्च घेऊन आत वाकले. सेन्सरच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. शेजारीच त्यांचं घरटं: कापसाची बोंडं आणि पऱ्हाटीच्या काड्या. नानांनी टॉर्च शेडच्या कोपऱ्याकडं वळवला. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला ते आजाऱ्याचं जेवण म्हणायचे. म्हणून वांगी भाजायला दर हिवाळ्यात शेतातून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणून माझ्याच शेडमध्ये रचून ठेवायचे. उंदरांची सोय नानांनीच केलेली! मी रागानं म्हणाले, "नाना, तुमच्या भरितापायी माझी गाडी विकायला निघाली होती!" नाना सगळी रास कवेत घेऊन, शर्टाची पर्वा न करता, गल्लीपलीकडं टाकून आले.

वायरी जोडल्या, टेप गुंडाळली. दिवा गेला. दुसऱ्या दिवशी परत हजर! दोन वायरी सारख्याच पांढऱ्या, तिसरी काळी, चौथी राखाडी. काळी-राखाडी उलटसुलट जोडली गेली होती म्हणे. नाना पुन्हा वाकले, पुन्हा विचारपूस झाली, आणि या वेळी दिवा गेला तो गेलाच.

भाऊजी गिऱ्हाईक घेऊन आले. "बरं झालं दुरुस्त केली. आता लगेच खपेल. किल्ली द्या वहिनी." नानांचा चेहराच पडला. आपल्याच दुरुस्तीनं गाडी विकली जाणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. किल्ली हातात होती आणि हात पुढं होईना.

"नाना, बसा," मी म्हणाले. "धुळ्याला जायचंय."

भाऊजी बघतच राहिले. गाडी हायवेला लागल्यावर शेजारून ट्रक घोंगावत जायला लागले. म्हटलं, "नाना, नाहीच जमलं तर पुढं तुम्ही घ्या."

"मी? मला कुठं येते गाडी?"

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर निघाली असतीस?"

मी ओरडले, रडले, आणि चालवत राहिले.

धुळ्यात आई दार उघडून बाहेर आली, माझ्या मागं बघायला लागली. "ड्रायव्हर कुठंय?"

"ही काय, तुमच्यासमोर," नाना उतरता उतरता म्हणाले. "मी तर एरंडोलपासून डोळे मिटून बसलोय."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि कपाटातली लुगडी काढून पिशवीत भरायला लागली.